कडूबा आणि लिकोनीचा ड्रायव्हर

कडूबा खरात हा तसा हेवा करणारा माणूस नव्हे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे सांगायचंय त्यात तो हेव्याशिवाय दुसरं काही करतच नाही. शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली, घेऊ दे. मित्रानं, इंद्रजितनं, घरामागं काचेची खोली बांधली, बांधू दे. जालन्याकडच्या खेड्यातून येऊन लंडनच्या हॅरोत घर झालं, पिनर ते गोल्डर्स ग्रीन एकशे त्र्याऐंशी नंबरची बस इतकी वर्षं चालवली, कुणा सायकलवाल्याला कधी धक्का लागला नाही, रविवारी विहारात पुढच्या रांगेत खुर्ची असते. आणखी काय पाहिजे माणसाला? असं तो स्वतःच म्हणायचा. मग त्याची एकुलती एक मुलगी धम्मशीला लिकोनीला गेली, आणि ह्या शहाण्या माणसाच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

लिकोनी कुठं आलं म्हणाल, तर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, केनियात. मोंबासा शहर बेटावर वसलेलं, आणि बेटाच्या दक्षिणेला समुद्राचा एक चिंचोळा पट्टा ओलांडला की लिकोनी. म्हणायला शहराचं उपनगर, पण मधे पाणी. हजारो माणसं सकाळी फेरीबोटीत उभी राहून बेटावर कामाला जातात आणि संध्याकाळी तशीच उभी राहून परत येतात. धम्मशीला शहरातल्या वाहतुकीचंच शिकलेली. तिचं काम म्हणजे ही माणसं घरातून निघून कामावर कशी पोचतात, कुठं अडकतात, ह्याचा नकाशा बनवायचा. काम एका वर्षाचं होतं. एकाची दोन झाली, दोनाची तीन.

आता पोरगी लांब गेली म्हणून बापाला वाईट वाटणार, ते कुणालाही वाटेल. कडूबाचं दुखणं वेगळं होतं. त्या दुखण्याचं नाव होतं हमिसी.

हमिसी हा लिकोनीचा मटाटू ड्रायव्हर. मटाटू म्हणजे तिकडची छोटी व्हॅन, आपल्या जालन्याच्या काळीपिवळीची सख्खी बहीण. माणसं भरली की निघते, तोवर कंडक्टर ओरडत राहतो. धम्मशीलाच्या ऑफिसनं हमिसीला गाडीसकट कामावर घेतलं होतं. साठीच्या आसपासचा, उंच, डोक्यावर पांढरी विणलेली टोपी. ती त्याला 'म्झे' म्हणायची. तिकडच्या भाषेत वडीलधाऱ्या माणसाला असंच म्हणतात. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर दर तिसऱ्या वाक्याला म्झे. म्झे म्हणाले, आज समुद्र रफ होणार. म्झेंनी नारळाचा भात आणला. म्झेंच्या बायकोनं मला नवी ड्रेस शिवली.

"नवा. नवा ड्रेस शिवला," तिची आई मनीषा दुरुस्त करायची.

"तेच गं मम्मी. नवा ड्रेस."

कडूबा बाजूला बसून चहात बिस्कीट बुडवायचा आणि ते विरघळून तळाला जाईपर्यंत बघत राहायचा.

एका रविवारी स्क्रीनच्या कोपऱ्यातून हमिसीच आत आला आणि हात जोडून स्वच्छ म्हणाला, "जय भीम!" मनीषाला केवढं कौतुक! कडूबालाही "जय भीम" म्हणावं लागलं. कुणी जय भीम घातला आणि आपण गप्प बसलो, असं कधी होत नाही. पण फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "एवढंच राहिलं होतं."

"अहो, चांगलंच झालं की. आपला शब्द तिथवर पोचला."

"पोचला ना. तेच म्हणतोय मी. घरातलं एकेक तिकडं चाललंय."

"काय बाई माणूस," मनीषा म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

पण ह्यातल्या कशानंही मोडलं नसतं तेवढं एका व्हिडिओनं त्याला मोडलं. त्यासाठी थोडं मागं जायला हवं. धम्मशीला सतरा वर्षांची झाल्यावर गाडी तिला कडूबानंच शिकवायला घेतली होती. बस ड्रायव्हरची मुलगी, दुसऱ्याकडं कशाला शिकेल? महिनाभर रोज संध्याकाळी दोघं बाहेर पडायची आणि परत येताना एकमेकांशी बोलायची नाहीत. शेवटी केंटनच्या एका छोट्या राउंडअबाउटवर गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, मागचे हॉर्न वाजवायला लागले, कडूबा ओरडला, "अगं क्लच! क्लच म्हणजे काय ते तरी कळतं का तुला?" पोरीनं शांतपणे सीटबेल्ट काढला, दार उघडलं, आणि भर रस्त्यात गाडी सोडून चालत घरी गेली. त्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही. विहारात कुणी विचारलं की कडूबा हसून सांगायचा, "तिला काय गरज? बाप आहे ना ड्रायव्हर." घरी मात्र ती गोष्ट कुणी काढत नसे.

आणि आता ह्या व्हिडिओत धम्मशीला व्हॅन चालवत होती. फेरीतून उतरून समोरचा चढ चढत होती. मधेच थांबली, पुढं हातगाडीवाला आला होता. थांबली, आणि चढावरून गाडी बोटभरसुद्धा मागं न घसरता पुन्हा उचलली. शेजारी हमिसी हात मांडीवर ठेवून बसला होता. एक शब्द बोलत नव्हता. वर पोचल्यावर नुसता म्हणाला, "पोले पोले," म्हणजे सावकाश, आणि दोघं हसली.

कडूबानं तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते त्याचं त्याला माहीत. "हात बघ, हात. स्टिअरिंग असं धरतात का?" तो मनीषाला म्हणाला. "आरसा बघितला का तिनं? नाही बघितला. ह्या माणसानं शिकवलंय काय?"

"गाडी शिकवलीये," मनीषा म्हणाली.

तो बागेत जाऊन उगाचच पालापाचोळा गोळा करायला लागला. कानामागून आला आणि तिखट झाला! जन्म आम्ही दिला, दूध-भात आम्ही भरवला, पहिल्या दिवशी शाळेत रडली तेव्हा गेटबाहेर दुपारपर्यंत आम्ही उभे राहिलो, आणि क्लच शिकवणार हा टोपीवाला. कडूबाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग त्यानं काय करावं? लंडनच्या बस ड्रायव्हरांची एक रीत आहे. नवा रूट मिळाला की आधी तो शिकायचा. गाडीला हात लावायचा नाही. रूटवरच्या जुन्या ड्रायव्हरच्या मागं बसून नुसतं बघायचं. कुठं झाडाची फांदी खाली आलीय, कुठलं वळण अवघड, शाळा सुटली की कुठं गर्दी होते. कडूबानं लिकोनीचा रूट शिकायला घेतला. जेवणाच्या टेबलावर टॅबलेट उभा करून, चष्मा लावून, रोज ड्युटी संपली की तास-दीड तास. नकाशा, वरून काढलेले फोटो, रस्त्यावरून काढलेले फोटो, कुणीकुणी टाकलेले प्रवासाचे व्हिडिओ.

फेरीतून उतरलं की चढ. चढ संपला की मटाटूंचा तळ, आणि तिथं फळवाल्यांची, जुन्या कपड्यांची गर्दी. डावीकडचा रस्ता समुद्राच्या कडेनं शेली बीचला जातो. उजवीकडं मटोंग्वे. सरळ दक्षिणेला निघालं की उकुंडा, आणि तसंच जात राहिलं तर टांझानियाची हद्द. पश्चिमेकडून डोंगो कुंडूचा नवा रस्ता लांब वळसा घालून येतो, त्यानं फेरी चुकवता येते, पण ते गाडीवाल्यांना. पायी माणसाला फेरीच बरी. बंदरात मोठं जहाज शिरत असलं की फेऱ्यांना थांबावं लागतं, कारण वाट एकच. कडूबानं जहाजं दाखवणारं ॲपसुद्धा फोनवर घेतलं. गॅरेजच्या कँटीनमध्ये बसल्याबसल्या म्हणायचा, "कंटेनरवालं जहाज आत चाललंय. आज लिकोनीचे लोक लटकले." बाकीचे ड्रायव्हर एकमेकांकडं बघायचे.

त्याचा हिशेब साधा होता. हमिसीला जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक झालं, की पोरगी आपल्यालाही काहीतरी विचारेल. एका रविवारी तो आपण होऊनच म्हणाला, "मटोंग्वेहून येणाऱ्या गाड्यांना तळावर शिरायला जागा मिळत नसेल, नाही का?"

"ओ माय गॉड, पप्पा, तुम्ही मॅप बघता? सो स्वीट!" धम्मशीला म्हणाली आणि मम्मीला पुरणाची रेसिपी विचारायला लागली.

स्वीट! छोट्या मुलानं चित्र काढून दाखवल्यावर म्हणतात तसं. कडूबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

अशातच बेसिंगस्टोकच्या एका कंपनीनं धम्मशीलाला नोकरी देऊ केली. बिझनेस पार्कमधलं ऑफिस, कायमचं काम, हॅरोहून गाडीनं तासाभरावर. लिकोनीवाल्यांनाही ती आणखी तीन वर्षांसाठी हवी होती. कडूबानं फोनवर समजावलं, मग रागावला, मग मनीषाला रडायला सांगितलं. मनीषा खरंच रडली, सांगायची गरज नव्हती. धम्मशीला म्हणाली, "मी थिंक करते, पप्पा." तीन वर्षं ती हेच म्हणत होती. "तो म्हातारा सोडत नाही तिला," कडूबा म्हणाला. त्याचा तसा ठाम समज होता, आणि समज एकदा ठाम झाला की कडूबाला त्यावरून खाली उतरवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही.

मे महिन्यात ग्लासगोला वाहतुकीवरची मोठी परिषद होती. धम्मशीला तिथं लिकोनीबद्दल बोलणार होती. आणि एकटी नाही. हमिसीही बोलणार होता. परिषद झाली की दोघं हॅरोला येणार, तीन दिवस राहणार, आणि मग ती काय ते ठरवून सांगणार.

"आपल्या घरी?" कडूबा म्हणाला.

"मग काय हॉटेलात ठेवणार त्यांना?" मनीषा म्हणाली. "आपल्या पोरीला तीन वर्षं जेवू घातलंय त्यांनी."

"मी काय उपाशी ठेवलं होतं का तिला?"

हॅरो-ऑन-द-हिल स्टेशनावर कडूबा वीस मिनिटं आधीच जाऊन उभा राहिला. मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी आली, आणि जिन्यावरून आधी उतरली ती पांढरी टोपी. एका हातात धम्मशीलाची बॅग. तिच्या बॅगा आजवर कडूबानं उचलल्या होत्या. त्यानं पुढं होऊन बॅगेला हात घातला, हमिसीनं सोडली नाही. पाहुण्याला यजमानाचं काम हलकं करायचं होतं, यजमानाला पाहुण्याची बॅग हिसकायची होती. "पप्पा, स्टॉप इट!" धम्मशीला हसत म्हणाली आणि तिनं बॅग स्वतःच घेतली.

मनीषानं बेत मोठा केला होता. हलालचं मटण आणून काळ्या मसाल्याचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, ठेचा. हमिसीनं भाकरीचा तुकडा मोडून रश्शात बुडवला आणि डोळे मिटले. आमच्या उगालीची आठवण झाली म्हणाला. उगाली म्हणजे त्यांच्याकडं मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मनीषानं पटकन दुसरी भाकरी वाढली. "घ्या हमिसीभाऊ, लाजू नका." त्याला मराठी कळत नव्हतं, पण भाकरी कळत होती. कडूबाचं ताट बाजूला तसंच होतं. एका जेवणात भाऊ! कडूबाच्या सख्ख्या भावाला ती अजून 'तुमचे भाऊ' म्हणायची.

आता आपला पत्ता टाकायची वेळ झाली असं कडूबाला वाटलं. भात वाढून झाल्यावर त्यानं घसा खाकरला आणि आपल्या कामापुरत्या इंग्रजीत लिकोनी म्हणून दाखवलं. फेरी, चढ, तळ, डावीकडं शेली बीच, उजवीकडं मटोंग्वे, डोंगो कुंडूचा वळसा, उकुंड्याच्या वाटेवरचे थांबे, सगळं, एका दमात. हमिसीची चूक काढायची त्याची तयारी होती. त्यानं मधे कुठं अडवलं तर बघूच, असं मनात म्हणत होता.

हमिसी आधी थक्क झाला, मग टेबलावर थाप मारून मोठ्यानं हसला. "उद्यापासून माझी गाडी चालवा तुम्ही! तळ फक्त जरा पुढं सरकवलाय, बाकी सगळं बरोबर." आणि धम्मशीलाकडं वळून म्हणाला, "तुझे वडील ग्रेट आहेत." हरायला तयार नसलेला माणूस परवडतो. हा हरून वर टाळ्या वाजवत होता. कडूबानं ताकाचा ग्लास एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी कडूबाची ड्युटी होती. हमिसी म्हणाला, मला तुमच्या बसमधून यायचंय. कडूबाच्या मनात लाडू फुटले. म्हटलं, ये बाबा, बघच आता. हॅरो बस स्टेशनवर हमिसी चढला आणि खाली पुढच्या सीटवर बसला, आरशात दिसेल असा. त्या दिवशी कडूबानं जशी बस चालवली तशी ती आजवर कुणी चालवली नसेल. म्हातारी चढली, ती सीटवर बसून पर्स मांडीवर घेईपर्यंत ब्रेक सोडला नाही. थांब्यावर चाक फुटपाथला असं लावलं की बाबागाडीवालीला गाडी उचलावी लागली नाही. केंटनच्या उतारावर पाणी भरून ठेवलं असतं तरी हिंदकळलं नसतं. आणि मधूनमधून आरशात नजर: बघतोय ना?

किंग्जबरीपर्यंत बघत होता. पुढं आरशात बघतो तर काय, हमिसीची मान छातीवर पडलेली. झोपला होता. भर दुपारी, तोंड उघडं टाकून, कडूबाच्या बसमध्ये! हेंडनचे सगळे थांबे त्यानं झोपेतच काढले. कडूबाला एकदा वाटलं, मारावा कचकन ब्रेक. पण मागं माणसं होती.

गोल्डर्स ग्रीनला गाडी लावून त्यानं हमिसीला हलवलं. "झोप झाली का?"

हमिसीनं डोळे चोळले, इकडंतिकडं बघितलं, आणि ओशाळला. मग म्हणाला, "ब्रदर, मी दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपू शकत नाही. विमानात झोपलो नाही, ग्लासगोच्या ट्रेनमध्ये झोपलो नाही. पाय आपोआप ब्रेक शोधत राहतो. तुमच्या गाडीत पाय शांत झाला."

आता ड्रायव्हरला ड्रायव्हरनं ह्याहून मोठं काय म्हणायचं? कडूबाला आतून गुदगुल्या झाल्या, आणि गुदगुल्या झाल्या म्हणून स्वतःचाच राग आला. कपभर चहा घेऊन दोघं बस स्टेशनच्या कट्ट्यावर बसले. हमिसीनं साखर जास्त घातली.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," हमिसी म्हणाला. "काल ट्रेनमध्ये मी तिला समजावलं. म्हटलं, तू घरी जा. बेसिंगस्टोकची नोकरी घे. काम काय, कुठंही मिळेल. आईवडील एकच मिळतात, आणि त्यांचं वय होतंय. माझा मुलगा दुबईला आहे, मला माहीत आहे ते काय असतं. ती पुष्कळ रडली. पण हो म्हणाली. आज तुम्हाला सांगेल."

कडूबा चहाच्या कपाकडं बघत राहिला. ज्यासाठी तीन वर्षं डोकं फोडलं, ते झालं होतं. पोरगी घरी येणार. त्याला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि झालाही असता, अगदी क्षणभर झालाही. पण लगेच त्यानं मनात हिशेब मांडला. मी ओरडलो, समजावलं, बायकोला रडवलं, तेव्हा ही म्हणाली थिंक करते. आणि ह्यानं एका ट्रेनच्या प्रवासात सांगितलं, तर हो?

"थँक यू," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? हात जोडून आभार मानावे लागले, ते त्या माणसाचे.

परतीच्या फेरीला त्यानं नेहमीसारखीच बस चालवली. म्हणजे निदान त्याला तसं वाटलं. वेस्ट हेंडनला एक बाई म्हणाली, "ड्रायव्हर, जरा हळू."

संध्याकाळी चौघं बैठकीत बसली होती. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या सोफ्यावर धम्मशीला, पाय पोटाशी घेऊन, लहानपणी बसायची तशीच. म्हणाली, "मम्मी, पप्पा, मी बेसिंगस्टोक घेते. लिकोनीला नो सांगते."

मनीषानं तिला मिठीतच घेतलं. "माझं बाळ गं!" हमिसी हसत होता, डोळे ओले करून. कडूबा जागचा हलला नाही.

"तुला यायचंय का?" त्यानं विचारलं.

"अहो, येते म्हणतेय ना ती!" मनीषा म्हणाली.

"तुला विचारतोय, शीला. तुला यायचंय?"

धम्मशीलानं खाली बघितलं. "माझा काम तिथं अर्धा आहे, पप्पा. मला तिथंच राहायचं होतं. बट म्झेंनी सांगितलं आणि मला पटलं."

"आणि मी तीन वर्षं सांगत होतो ते?"

"तुम्ही रागावून सांगता, पप्पा," ती अगदी साधेपणानं म्हणाली. "ते समजावून सांगतात."

तिच्या मनात काही नव्हतं; खरं तेच बोलली. पण कडूबाच्या कानात तापलेलं तेल पडलं. म्हणजे ही येणार, ह्या घरात राहणार, समोर बसून जेवणार, आणि घासाघासाला आपल्याला आठवणार की ही आपल्या सांगण्यानं आलेली नाही. त्या माणसानं पाठवली म्हणून आलीय. आपल्या घरात आपलीच मुलगी, आणि ती त्याची भेट! नको. असलं दान नको.

तो उठून उभा राहिला. "बेसिंगस्टोकला नाही म्हणून सांग," तो म्हणाला. "तुझं काम तिथं आहे, तू तिथं जा. मी सांगतोय. तुझा बाप सांगतोय. ह्यांचं काही ऐकायचं नाही."

कुणालाच काही कळेना. मनीषानं तोंडावर हात ठेवला. हमिसीला शब्द कळले नाहीत, आवाज कळला, आणि तो चपापून बघत राहिला. धम्मशीला हळूहळू उठली. "पप्पा, यू मीन इट?"

"मी काय गंमत करतोय?"

"पण तुम्हाला तर मी घरी पाहिजे होते."

"पाहिजे होतीस. पाहिजेसच. तरी जा."

आणि ती पोरगी, जी केंटनला गाडीतून उतरल्यापासून बापाच्या गळ्यात कधी पडली नव्हती, ती धावत येऊन गळ्यात पडली आणि हमसाहमशी रडायला लागली. "थँक यू, पप्पा. थँक यू. मला वाटलं तुम्हाला कधी समजणार नाही." कडूबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या खांद्यावरून त्याला हमिसी दिसत होता. आणि खरं सांगायचं तर, त्या घटकेला कडूबाला जे वाटलं त्याला माया म्हणता येणार नाही. त्याला वाटलं, बघ. माझं ऐकलं.

रविवारी विहारात ही गोष्ट आधीच पोचली होती. वंदना झाल्यावर इंद्रजितनं सगळ्यांसमोर सांगितलं, की बाप असावा तर कडूबा खरातांसारखा. पोरीच्या कामापुढं स्वतःच्या मायेला मुरड घातली. टाळ्या झाल्या. हमिसी सगळ्यात मोठ्यानं वाजवत होता. कडूबा पुढच्या रांगेत मान खाली घालून बसला, आणि लोकांना वाटलं, काय नम्र माणूस आहे. मनीषा टाळ्या वाजवत नव्हती. दोन दिवस ती त्याच्याशी बोललीच नव्हती.

विमानतळावर धम्मशीलानं आईला मिठी मारली, मग बापाला, मग पुन्हा बापाला. "दर संडेला कॉल करीन. तुम्हाला मॅप पाठवीन माझी, पप्पा, तुम्ही चेक करा." हमिसीनं दोन्ही हातांनी कडूबाचा हात धरला आणि म्हणाला, "मी तिची काळजी घेईन. माझ्या मुलीसारखी." कडूबा म्हणाला, "घ्या." दोघं आत गेली. तिनं वळून हात केला, आणि मग पांढऱ्या टोपीच्या मागून ती दिसेनाशी झाली.

कार पार्कमध्ये कडूबानं गाडीत बसून किल्ली लावली, पण फिरवली नाही. मनीषा शेजारी पदरानं डोळे पुसत होती.

"का केलंत असं?" ती म्हणाली. "येत होती ना. स्वतःच्या तोंडानं येते म्हणाली. मला एका शब्दानं तरी विचारायचंत."

"त्यानं सांगितलं म्हणून येत होती ती."

"कुणी का सांगितलं असेना! रोज संध्याकाळी घरी आली असती. माझ्या हातचं जेवली असती. कुणाच्या सांगण्यानं आली ते काय मी तिच्या कपाळावर वाचत बसले असते?"

कडूबानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. गाडी तर जागेवरच होती. "आयुष्यात एकदा तरी," तो म्हणाला, "एकदा तरी माझं ऐकलं ना तिनं?"

मनीषानं त्याच्याकडं बघितलं. राग करायचंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"ऐकलं," ती म्हणाली. "ऐकलं, म्हणूनच गेली. चला आता घरी."